वरची मूठ

किटवे शहरात, चिसोकोने बाजाराच्या मागच्या रांगेत,
जिथे गटाराचं पाणी फळ्यांखालून जातं,
तिथे मी कापेंटा विकते:
करंगळीहून बारीक, वाळलेली, डोळ्यांसकटची मासळी.
कुणाच्या घरी पगार झाला
ते त्या डोळ्यांना आधी कळतं, मग मला.

पगार झाला की बाई माझ्या फळीसमोरून
जरा भरभर चालते.
मान पलीकडे, कसायाच्या आकड्याकडे वळलेली.
मी हाक मारत नाही.
माझी मासळी कालच्याइतकीच चांगली असते.
बाईचा दिवस बरा चाललाय, एवढंच.

डाव्या हाताला एस्नार्ट, घेवडा घेऊन.
उजव्या हाताला सिमुकोंडा, कोळशाची पोती.
पोत्याचा भाव चढला की
सिमुकोंडा रडत नाही, एस्नार्ट रडते.
तिच्या घेवड्याला शिजायला अख्खी दुपार लागते,
माझ्या मासळीला कांदा परतेपर्यंतचा वेळ.
तिची गिऱ्हाइकं मग माझ्याकडे सरकतात
आणि ती पाठ फिरवून बसते,
जशी काही मीच झाडं महाग केली.
टोमॅटो महागला की मात्र आम्ही दोघी एकत्र माश्या मारतो,
तेव्हा बोलते.

मक्याच्या पिठाचं गणित निराळं.
पीठ महागलं म्हणून कुणी पीठ कमी घेत नाही.
सोबतचं कमी घेतात.
वाटीची अर्धी वाटी, अर्ध्या वाटीची चिमूट,
आणि त्यातून वाचलं त्याचं
पुन्हा पीठच.
महाग झालं की खप उतरतो, असं माझा मुलगा वहीत लिहून आणतो.
मी त्याला म्हटलं, एकदा संध्याकाळी इथे बस.

चोलाच्या आईला मी चार वर्षं फक्त पाठमोरी पाहिलं.
तिचा नवरा खाणीत कायम झाला,
तेव्हा आधी मासळी सुटली,
मग बाजारच सुटला.
मॉलमधल्या ढकलगाडीत कोंबड्या, आणि त्या ठेवायला फ्रीझर.
चर्चच्या पायरीवर एकदा म्हणाली,
आमच्या मुलांना कापेंटा टोचते गं.
मी हसले. टोचत असेल.

तांब्याचा भाव समुद्रापलीकडे कुणीतरी ठरवतं.
जूनमध्ये तो पडला, थंडी होती,
आणि तीन आठवड्यांत खाणीचं फाटक लागलं.
त्या महिन्यात माझ्या दोन गोण्या संपल्या.
मग तीन.
सगळ्या टाऊनशिपचे खिसे उतरले
आणि माझा डबा भरत गेला.
रविवारी गुडघे टेकले तेव्हा
काय मागावं ते सुचेना. नुसतीच टेकून राहिले.

खोटं कशाला बोलू,
शनिवारी मी कोंबडी घेतली.
पलीकडच्या रांगेतली सुकी मासळीवाली, मुताले,
तिच्यासमोरून जाताना
पाय आपोआप भरभर पडले.
पोरं म्हणाली, आज मासळी नाही?
आणि टाळ्या वाजवल्या.

चोलाची आई दिवेलागणीनंतर आली,
चेहरे ओळखू येणार नाहीत अशा वेळी.
लहान माप बोटानं दाखवलं.
मी भरलं, वर शीग लावली.
आमच्याकडे वरच्या मुठीला म्बासेला म्हणतात,
ती मागायची नसते, द्यायची असते.
मी एक मूठ टाकली. मग आणखी एक.
तिनं पदराच्या गाठीसारखी पिशवीची गाठ मारली,
दोनदा मारली,
आणि खाली बघत म्हणाली,
फ्रीझर विकायचाय. तुला हवा का?

मी भाव विचारला नाही.
त्या एका गल्लीत सहा फ्रीझर निघालेत विकायला,
थांबलं तर आणखी उतरेल,
हे मला लगेच कळलं, नको असताना कळलं.
वाळल्या मासळीला थंडाई लागत नाही, म्हटलं. बघू.

रात्री पोरं झोपल्यावर
चुलीशेजारची भिंत
मी वितीनं मोजली.